बॉबीनचं पथ्य

सकाळी आमच्या घरातली दारं एकेक करून लागू लागली की समजावं, मांजरांची जेवणं सुरू झाली. न्हाणीत बॉबीन. माळ्यावर काजा आणि तिची पिल्लं. स्वयंपाकघरात अस्तर. म्हातारी हूक तेवढी शिलाई मशीनच्या फळीवर बसून खाते, कारण तिला दार लावलेलं खपत नाही. आणि या सगळ्यांच्या मध्ये, बोळात, पदर खोचून, हातात रिकाम्या ताटल्या घेऊन माझी धाकटी जाऊ अनसूया उभी. कुणाचं संपलं, कुणाचं उरलं, कोण दाराला धडका मारतंय, याकडे तिचे कान. ते सगळं उरकेपर्यंत माणसांनी न्हाणीत जायचं नाही आणि स्वयंपाकघरात चहा ठेवायचा नाही. मी सत्तरीला टेकलेली बाई, पण माझा सकाळचा चहा एका मांजराच्या सवडीनं होतो.

मांजरं मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. अंथरुणावर केस, उशीला वास, आणि रात्री अंधारात पाय टाकावा तर पायाखाली काहीतरी मऊ. अनसूया मला आवडते. तिच्यापायी मांजरं सोसते, एवढंच.

आमचं घर जुन्या हुबळीतल्या एका गल्लीत. माझे यजमान गेल्यावर दोन चुलींची एक झाली, तेव्हापासून मी, अनसूया आणि तिचा नवरा पद्मनाभ, म्हणजे माझे धाकटे दीर, एकत्र राहतो. दुर्गदबैलाच्या बाजारात आमचं लहानसं दुकान आहे. भावजी अस्तराचं कापड, फॉल आणि ब्लाऊजपीस विकतात. दुकानाच्या तोंडाशी मशीन टाकून अनसूया दिवसभर फॉल-पिको करते. मांजरं त्या दुकानातूनच घरात आली. एका दिवाळीच्या आधी उंदरांनी नवी गाठोडी कुरतडली, म्हणून भावजींनी स्वतः एक मांजरी आणली. ती हूक. पुढचं सगळं हूकनं वाढवलं. उंदीर गेले, मांजरं राहिली. नावं सगळी अनसूयेनं ठेवलेली आणि सगळी शिवणकामातली.

बॉबीन हा त्यातला एकुलता एक बोका. राखाडी, गुबगुबीत, महाआळशी. एका सकाळी तो रेतीच्या घमेल्यात जाऊन बसला तो उठेचना. बसायचा, कुंथायचा, बाहेर यायचा, पुन्हा जायचा, आणि मग असा आवाज काढला की मी हातातली पोथी मिटली. मला वाटलं पोट साफ होत नसेल. मी एरंडेल काढायला निघाले, तेवढ्यात अनसूयेनं त्याच्या पोटाला हात लावला. "अक्का, चिंचोक्यासारखं घट्ट लागतंय," म्हणाली, त्याला कापडाच्या पिशवीत घातलं आणि तशीच न जेवता रिक्षा करून देशपांडे नगरातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

लघवी अडकली होती. बाईंनी त्याला गुंगी देऊन नळी घातली आणि दवाखान्यात ठेवून घेतलं. बोक्यांची वाट अरुंद असते, लघवीत बारीक रेती साचली की ती बुजते, उशीर झाला असता तर हा राहिला नसता, असं त्यांनी कन्नडमध्ये सावकाश समजावून सांगितलं. घरी परत आला तो पथ्य घेऊनच. लघवीच्या आजाराचं खास खाणं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं. याला यापुढं हेच आणि फक्त हेच. दूध नाही, मासळी नाही, बिस्किटाचा तुकडा नाही, दुसऱ्या मांजरांच्या ताटलीतला एक दाणा नाही. आणि उलटही तसंच. काजा पाजणारी, पिल्लं वाढीची, त्यांच्या पोटात हे पथ्याचं खाणं जाऊ द्यायचं नाही.

ज्या घरात एक मांजर आहे तिथं हे सोपं असेल. आमच्याकडं एक मोठी परात दिवसभर भरलेली असायची आणि ज्याला भूक लागेल तो तोंड घालायचा. ती परात अनसूयेनं त्याच दिवशी उचलून माळ्यावर टाकली.

मग सुरू झालं दारांचं प्रकरण. मांजराला वेळेवर जेवायची सवय नसते, ती लावावी लागते. पहिले दिवस तर सगळ्यांनी उपास धरले. बॉबीननं नव्या खाण्याचा वास घेतला आणि घाण झाकावी तसं फरशीवर पंजा घासून ते झाकायला लागला. त्याला उपाशीही ठेवायचं नव्हतं, बोका दोन दिवस जेवला नाही तर ते वेगळंच दुखणं होतं म्हणे. मग जुन्या खाण्यात चिमूटभर नवं, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, असं करत करत, कोमट पाण्यात भिजवून, बोटानं चाटवून, अनसूयेनं त्याला वळवलं. न्हाणीच्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसलेली असायची. बाहेर अस्तर दाराखालून पंजा घालून ओरडतेय, माळ्यावर काजानं ताटली पालथी केलीय, आणि ही आत म्हणतेय, "खा रे बाबा, खा, मला दुकानाला उशीर होतोय."

संध्याकाळी दुकानातून आल्यावर पुन्हा तेच. ताटल्या धुवायच्या, त्यासुद्धा वेगवेगळ्या. घमेल्यात कुणी किती ओलं केलं ते बघायचं. एकदा मी बघितलं, न्हाणीच्या दाराला पाठ लावून ती बसल्या जागी झोपली होती आणि आतून बॉबीन दार खरवडत होता. मी तिला उठवलं नाही. दार उघडून बोक्याला बाहेर काढलं, ताटली उचलली आणि हात दोनदा साबणानं धुतले.

समोरची दुर्गव्वा मासळी विकते. कैक वर्षं ती घरी जाताना उरलेली डोकी आमच्या पायरीवर ठेवून जायची. अनसूयेनं तिला हात जोडून नको म्हणून सांगितलं, तर ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "याक्री, मीन ब्याडेनु?" मासे नकोत मांजराला, हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. अनसूया तिला बोक्याच्या लघवीची सगळी कथा सांगायला लागली. दुर्गव्वानं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "तुमच्या जावेला आधी काहीतरी खायला घाला."

चुकीचं नाही बोलली. मला बॉबीनची काळजी नव्हती. तो दोन वेळा बसून खात होता. मला घोर लागला होता तो ही बाई किती दिवस टिकेल याचा. ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता, डोळे खोल गेले होते, जिन्यावर दोनदा थांबायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही अक्का, जरा दमलेय." हे जरा वाढतच चाललं होतं.

एवढं करून बोका पुन्हा अडकला.

या वेळी मीही दवाखान्यात गेले होते, कारण अनसूयेला एकटीनं जायचा धीर होईना. बाईंनी पुन्हा नळी घातली आणि मग आम्हाला समोर बसवून उलटतपासणी सुरू केली. दुसरं काही खाल्लं का? नाही. कुणी चोरून घातलं? नाही. अनसूयेनं सांगितलं त्यात तसूभर खोटं नव्हतं, मी साक्षीला होते. मग बाईंनी विचारलं, "पाणी किती पितो?"

"भांडं कायम भरलेलं असतं त्याचं," अनसूया म्हणाली.

"भरलेलं असतं ते कळलं. तो पितो किती?"

बाई म्हणाल्या, खाणं हे अर्धंच औषध, उरलेलं अर्धं पाणी. तो जितका जास्त पिईल, जितक्या वेळा घमेल्यात जाईल, तितकं चांगलं. तिसऱ्यांदा अडकला तर मोठं ऑपरेशन करावं लागेल आणि त्यातूनही निभावेल असं मी सांगत नाही.

रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन अनसूया बाहेर बघत होती. मी तिला म्हटलं, "ऐकलंस ना, पाणी पाणी करत होत्या त्या. तू दुकानात दिवसभरात किती पितेस गे?" ती हसली. दुर्गदबैलात आमच्या ओळीत बायकांना लघवीला जायला जागा नाही. सकाळी घोटभर पिऊन निघायचं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत तोंडाला पाणी लावायचं नाही, हे त्या बाजारात बसणाऱ्या सगळ्या बायकांचं ठरलेलं. सासूबाई दुकानात बसायच्या तेव्हाही हेच होतं. त्यामुळं मीही पुढं काही विचारलं नाही.

घरी भावजी बाकड्यावर बसून वाट बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "साकु आता, पुरे झालं. पुन्हा अडकला तर सोडून द्यायचं. तुझ्या जिवापेक्षा बोका मोठा नाही." माणूस वाईट नाही, बायकोकडं बघूनच बोलला. अनसूया हूं म्हणाली. रात्री भाकऱ्या थापताना मला हळूच म्हणाली, "अक्का, माझ्यानंही पुन्हा व्हायचं नाही."

पाण्याचा उलगडा त्यानंतर दोन-चार दिवसांनी झाला आणि तो माझ्या आरडाओरड्यातून झाला. त्याआधी आमच्या घरातलं पाणी सांगायला हवं. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. ते गोडं पाणी. आलं की आम्ही पिंपं, घागरी, कळशा, होतं नव्हतं ते सगळं भरून ठेवतो. परसात बोअर आहे, त्याला पाणी भरपूर, पण खारट, जड, डाळ न शिजणारं, भांड्यावर पांढरे डाग पाडणारं. सासूबाईंनी घालून दिलेली रीत अशी की गोडं पाणी देवाला, माणसाला आणि चुलीला. धुणं, न्हाणं, झाडं आणि जनावरं बोअरवर. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण उजव्या हातानं जेवायचं हे जसं कुणी ठरवत नाही, तशीच ही रीत चालू होती. डॉक्टरीणबाईंनी खाण्याचं सांगितलं ते आम्ही तंतोतंत पाळलं. पाण्याचं भांडं मात्र सवयीनं बोअरच्या बादलीतून भरत होतो. त्यात विचार करायचं काही आहे हेच आमच्या डोक्यात आलं नाही.

तर त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले आणि बघते तो बॉबीन ओट्यावर. पिण्याच्या घागरीवरची झाकणी सरकलेली आणि याचं अख्खं तोंड आत. मी ओगराळं उचललं आणि अशी ओरडले की माळ्यावरची पिल्लंसुद्धा पळाली. चार दिवसांचं गोडं पाणी उष्टं केलं मेल्यानं. अनसूया धावत आली, बोक्याकडं बघत उभी राहिली आणि तिनं माझा हात धरला.

"अक्का, ओरडू नकासा. पितोय बघा."

खरंच पीत होता. ओगराळं डोक्यावर असताना न हलता, चपचप चपचप, कित्येक दिवसांची तहान असावी तसा. अनसूयेनं त्याचं न्हाणीतलं भांडं आणलं. काठाला पांढरी कड आलेली, पाणी सकाळचं तसंच्या तसं. ती त्या भांड्याकडं नुसती बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून रडली. "पथ्य करतोय म्हणून सांगत होते मी बाईंना," म्हणाली.

रात्री भावजींना कळलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. आईच्या घरात गोडं पाणी जनावराला, तेही नळ चार दिवस लांब असताना. ते एवढंच म्हणाले की पुरणार कसं, आणि तो प्रश्न खरा होता. अनसूया ताटं काढत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या वाटणीचं घालते. कुणाचं कमी होणार नाही." मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलली. बायका असं म्हणतात आणि मग घर कसंबसं पुरवून घेतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाण्यातल्या क्षारामुळं झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण त्याला जे पाणी आवडतं ते द्या, पिऊ दे. तेव्हापासून बॉबीनची तीन भांडी झाली, एक न्हाणीत, एक बोळात, एक अनसूयेच्या उशाशी. तिन्हीत गोडं पाणी. बोका पालटला. अंगावर चकाकी आली, दिवसातून कितीदा तरी घमेल्यात जायला लागला. अनसूया मला हाताला धरून ती ओली रेती दाखवायची, आणि मी नाक धरून बघायचे. कुणाच्या मुतण्याचं एवढं कौतुक मी जन्मात केलं नव्हतं. पण तिच्या तोंडावर हसू होतं, म्हणून करायचे. महिना गेला, दुसरा गेला. बोका अडकला नाही. मला वाटलं, सुटलो.

मग नळ लांबला. कुठंतरी मोठा पाइप फुटला होता म्हणे. आठवडा उलटला, वर आणखी दिवस गेले, आणि गल्लीतले सगळे टँकरची वाट बघत बसले. आमच्याकडं शेवटची एक घागर राहिली. त्या दिवसांतच एकदा भरदुपारी दारात रिक्षा थांबली आणि भावजी अनसूयेला धरून उतरवायला लागले. दुकानात मशीनवरच तिला हुडहुडी भरली होती. साडीवर साडी पांघरली तरी दात वाजत होते. अंग तव्यासारखं तापलेलं, कमरेत कळा. लघवीला आगही होत होती. कधीपासून म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बरेच दिवस." आणि वर म्हणाली, "आज बॉबीनला कोण घालणार?"

त्याच रिक्षानं आम्ही तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, लघवी तपासायला पाठवली. लघवीतलं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत पोचलंय, म्हणाले, अजून उशीर केला असता तर ॲडमिट करावं लागलं असतं. पाणी पीत नाही का ही? भावजी माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि अनसूयेला बजावलं, "गोळ्यांइतकंच पाणी महत्त्वाचं. भरपूर प्यायचं. तासातासाला, तहान नसली तरी."

अनसूयेनं डोळे उघडले. अगदी व्यवहाराचं विचारावं तसं तिनं विचारलं, "बोअरचं चालेल का, डॉक्टर?"

डॉक्टरांना कळेना. ते म्हणाले, "बोअरचं कशाला?"

"मी तेच पितेय की. आता दोन महिने होऊन गेले."

भावजी खुर्चीवरून उठले आणि दाराकडं तोंड करून उभे राहिले. मी बसूनच राहिले. दोन महिने मी तिच्या पुढ्यात ताट वाढत होते. तिच्या पेल्यात काय आहे ते मी बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर तिला अंथरुणावर टेकवलं. संध्याकाळची वेळ झाली होती, मांजरं बोळात जमून ओरडत होती. ती उठायला लागली, तर भावजींनी तिला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः ताटल्या घ्यायला गेले. कोण कुठं हे त्यांना ठाऊक नव्हतं. अस्तरला न्हाणीत आणि बॉबीनला माळ्यावर कोंडून ते घामाघूम होऊन परत आले, तेव्हा अनसूयेनं पडल्या पडल्या सगळं नीट सांगितलं आणि त्यांनी पुन्हा सगळं केलं. मी शेवटच्या घागरीतून मोठा पेला भरला आणि तिच्या हातात दिला.

तिनं दोन घोट घेतले. मग पेला खाली, उशाशी असलेल्या बॉबीनच्या भांड्याकडं नेला आणि वाकवायला लागली.

मी तिचं मनगट धरलं. मला राग आला होता, भयंकर राग, आणि तो तिचाच आला होता असं नाही. "ते राहू दे," मी म्हटलं. "हे तू प्यायचंस. सगळं. माझ्यादेखत."

"आणि नळ नाही आला तर?"

"तर मी बोअरचं पिईन, भावजी पितील. तू पी."

तिनं माझ्याकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं. एवढं पेलाभर पाणी आपण एकटीनं कसं प्यायचं, असा प्रश्न तिच्या तोंडावर खरोखर होता. मग तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, प्यायला लागली.